बाहेरून हिरवं

तुम्ही एका प्रकल्पाचे मॅनेजर आहात. टेस्टिंग करणाऱ्या सदस्याला एक गंभीर दोष सापडला आहे. तो दुरुस्त करायला घेतला, तर ठरलेली तारीख हुकेल. क्लायंटला उद्या प्रगतीचा अहवाल जायचा आहे. तुम्ही सगळ्यात आधी काय कराल?

अ) दोष पुढच्या टप्प्यात ढकलून तारीख गाठाल.
ब) तडक वरिष्ठांकडे जाल.
क) टीमबरोबर बसून दोषाचा परिणाम तपासाल आणि अहवालात तो आहे तसा मांडाल.
ड) पूर्ण खात्री होईपर्यंत कुणाशी बोलू नकोस, असं त्या सदस्याला सांगाल.

गेल्या पावसाळ्यात जामनेरच्या घरी, माडीवरच्या खोलीत बसून मी अशा धाटणीचे दीडेक हजार प्रश्न सोडवले. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून दोन महिने घरून काम करत होतो. सकाळी दोन तास आणि रात्री जेवणानंतर दोन तास अभ्यास. वरच्या प्रश्नाचं उत्तर 'क' आहे. ते तुम्हालाही आलं असेल. त्यासाठी कुठला कोर्स लागत नाही.

मीही हा प्रश्न कधी चुकलो नाही. अडचण एवढीच होती, की हाच प्रश्न मला आधीच्या नोव्हेंबरात पुण्याच्या ऑफिसात एकदा आला होता. तेव्हा समोर चार पर्याय छापलेले नव्हते. उत्तर तेव्हाही माहीत होतं. मी 'अ' आणि 'ड' दोन्ही केलं.

*

ज्यांना या परीक्षेची माहिती नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही अमेरिकेतली संस्था १९६९ साली स्थापन झाली. १९८४ पासून ती पीएमपी, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल, हे प्रमाणपत्र देते. मी परीक्षा दिली तेव्हा १८० प्रश्न होते आणि २३० मिनिटं. मध्ये दहा-दहा मिनिटांच्या दोन सुट्ट्या. १८० पैकी ५ प्रश्नांचे गुण धरले जात नव्हते, पण ते कोणते हे कळत नसे. पास व्हायला किती गुण लागतात, तेही संस्था जाहीर करत नाही. प्रश्नांची वाटणीही तेव्हा ठरलेली होती: ५० टक्के कामाच्या प्रक्रियेवर, ४२ टक्के माणसांवर आणि ८ टक्के व्यवसायाच्या वातावरणावर.

पण परीक्षेला बसण्याआधी अर्ज असतो. मी अर्ज केला तेव्हा चार वर्षांची पदवी असेल, तर ३५ तासांचं प्रशिक्षण आणि गेल्या आठ वर्षांत ३६ महिने प्रकल्प चालवल्याचा अनुभव लागत होता. कुठला प्रकल्प, त्याचा उद्देश काय, तुमची जबाबदारी काय, निकाल काय लागला, हे प्रत्येक प्रकल्पासाठी लिहून द्यावं लागतं.

आयटीत माझ्या वयाच्या पोरांना ही परीक्षा का द्यावीशी वाटते, यात काही गूढ नाही. पाच-सहा वर्षं कोड लिहून झालं की पुढची पायरी 'लीड' किंवा 'मॅनेजर'. नावापुढे तीन अक्षरं लागली की रिक्रूटरचे फोन जरा जास्त येतात. मलाही तेच हवं होतं. त्याबद्दल मला अपराधी वाटत नाही. अपराधी वाटलं ते अर्ज भरताना.

*

नोव्हेंबरात घडलं ते असं.

आम्ही एका परदेशी क्लायंटसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवत होतो. दर गुरुवारी संध्याकाळी एक तक्ता जायचा. त्यात प्रत्येक कामापुढे एक रंग असायचा. हिरवा म्हणजे वेळेवर, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे अडचण आहे. टीमवर मी लीड होतो, तक्ता मी भरायचो.

एका बुधवारी टेस्टिंग करणारी मुलगी माझ्या डेस्कपाशी आली. तिची ही पहिलीच नोकरी, दोन वर्षं झालेली. महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिफंड आला, की काही बिलांवर कर दोनदा लागतो, असं तिला दिसलं होतं. तिने मला तीन उदाहरणं दाखवली. तिन्ही बरोबर होती. मी म्हणालो, "हे नंतर बघू. आत्ता मोठा दोष म्हणून नोंदवू नकोस, किरकोळमध्ये टाक." ती म्हणाली, "ओके सर." गुरुवारी मी तक्त्यात हिरवा रंग भरला.

आमच्या धंद्यात याला 'वॉटरमेलन स्टेटस' म्हणतात. वरून हिरवं, कापलं की लाल. जामनेरच्या पोराला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे रस्त्याच्या कडेला टरबुजाचे ढीग लागतात. विकणारा चाकूने तिकोनी फोड काढून आतला लाल रंग दाखवतो, मग तुम्ही पैसे देता. टरबुजाच्या बाबतीत आतला लाल रंग ही मालाची हमी असते, आणि विकणारा ती स्वतःहून कापून दाखवतो. आम्ही मात्र न कापताच विकत होतो.

जानेवारीच्या शेवटी क्लायंटच्या ग्राहकांना चुकीची बिलं गेली. मोठा कॉल झाला. बारा-तेरा लोक होते. कुणीतरी विचारलं, "टेस्टिंगमध्ये हे सुटलं कसं?" माझा कॅमेरा बंद होता. मी माइक चालू केला नाही. दोन-तीन सेकंद शांतता होती, मग ती म्हणाली, "माझ्याकडून किरकोळ म्हणून नोंदलं गेलं." वाक्य खरं होतं. तिने माझं नाव घेतलं नाही. का घेतलं नाही, हे मी आजही नीट सांगू शकत नाही.

पुढच्या महिन्यात तिला प्रोजेक्टवरून काढून बेंचवर बसवलं. वर्षाच्या मूल्यमापनात तिचं रेटिंग उतरलं. त्या बिलांचा घोळ मी तीन रात्री जागून निस्तरला, म्हणून मला कौतुकाचा मेल आला.

*

आता अर्जाकडे येतो. हाच प्रकल्प माझ्या अनुभवातला सगळ्यात मोठा होता. तो सोडला तर ३६ महिने भरत नव्हते. तो धरला तर ३८ होत होते.

मी लिहिलं: नऊ जणांच्या टीमचं नेतृत्व केलं. गुणवत्तेच्या जोखमींचा आढावा घेतला. दर आठवड्याला स्टेकहोल्डरना प्रगती कळवली. प्रणाली सुरू झाल्यावर आलेली अडचण ठरलेल्या वेळेत सोडवली.

यातलं एकही वाक्य खोटं नाही. महिने खरे, माणसं खरी, तारखा खऱ्या. काही लोक अनुभवाचे महिने फुगवतात. मी तसं केलं नाही, आणि त्याचा मला थोडा अभिमानही वाटत होता. तरी हा परिच्छेद वाचून कुणाला जे चित्र दिसेल, ते पूर्ण खोटं होतं.

खऱ्या वाक्यांपासून खोटं बनवता येतं, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. महाभारतात अश्वत्थामा मेल्याचं युधिष्ठिर मोठ्याने सांगतो आणि मेला तो हत्ती, हे पुटपुटतो. ऐकणारा द्रोण शस्त्र खाली ठेवतो. तोपर्यंत जमिनीपासून चार बोटं वर चालणारा युधिष्ठिराचा रथ त्या क्षणी खाली टेकतो, असं कथा सांगते. मला या गोष्टीत नेहमी एक शंका यायची. वाक्य खरं होतं, मग शिक्षा कशाची? अर्ज भरताना उत्तर मिळालं. खरेपणा वाक्यात मोजत नाहीत. ऐकणाऱ्याच्या मनात त्या वाक्याने काय उभं राहावं असं तुम्हाला वाटत होतं, तिथे मोजतात. माझा रथ कधी अधांतरी चालतच नव्हता, त्यामुळे तो टेकल्याचा आवाज झाला नाही.

अर्जाच्या शेवटी संस्थेची आचारसंहिता मान्य करावी लागते. तिची चार मूल्यं आहेत: जबाबदारी, आदर, न्याय्यता आणि प्रामाणिकपणा. मी टिक केलं. काही अर्ज तपासणीसाठी निवडले जातात. माझा निवडला गेला नाही. गेला असता, तरी अनुभवाच्या कागदावर सही मिळालीच असती.

*

ऑनलाइन क्लासच्या पहिल्याच दिवशी आमचे प्रशिक्षक म्हणाले, "तुम्ही ऑफिसात काय करता ते आधी विसरा. आदर्श मॅनेजर काय करेल, तो पर्याय निवडा." सगळे हसले. मीही हसलो. सल्ला अगदी व्यवहार्य होता. पंधरा दिवसांत पर्याय वाचताच वास यायला लागतो: 'टीमशी बोला' बहुतेक बरोबर, 'लगेच वरिष्ठांकडे जा' बहुतेक चूक, 'आधी परिणाम तपासा' जवळपास नेहमी बरोबर. माझे सराव परीक्षेचे गुण ६४ टक्क्यांवरून ८१ वर गेले. या काळात मी माणूस म्हणून १७ टक्के सुधारलो, असं मला वाटत नाही.

इथे एक जुना वाद आठवतो. सॉक्रेटिसचं म्हणणं होतं, की जाणूनबुजून कुणी वाईट करत नाही. माणूस चुकतो, कारण त्याला चांगलं काय ते नीट कळलेलं नसतं. हे खरं मानलं तर उपाय सोपा आहे: शिकवा, परीक्षा घ्या, प्रमाणपत्र द्या. अॅरिस्टॉटलला हे पटलं नाही. त्याच्या मते कळूनही माणूस घसरतो. घर बांधून जसा गवंडी होतो, तसा न्यायाचं काम करत करतच माणूस न्यायी होतो. नुसत्या ज्ञानाने ते होत नाही.

माझी केस सरळसरळ अॅरिस्टॉटलच्या बाजूची आहे. त्या बुधवारी मला ज्ञान कमी पडलं नव्हतं. कमी पडलं ते गुरुवारच्या कॉलवर दहा मिनिटं अवघडून बसण्याचं धैर्य. त्याचा सराव मी कधी केलाच नव्हता. शाळेपासून मी ज्या परीक्षा दिल्या, त्या सगळ्यांत बरोबर उत्तराला बक्षीस होतं. बरोबर उत्तराची किंमत मोजावी लागेल, अशी परीक्षा कुणी घेतलीच नाही.

मग ही परीक्षा निरुपयोगी आहे का? तसंही मला म्हणवत नाही. तयारी केली नसती, तर नोव्हेंबरातली ती गोष्ट मी विसरून गेलो असतो. रोज रात्री कुठला तरी प्रश्न येऊन तिची आठवण करून द्यायचा. बरोबर उत्तर माहीत असल्याने मी चांगला झालो नाही. पण चुकीचं वागून शांत झोपणं त्याने अवघड करून ठेवलं.

*

पाऊस थांबला की संध्याकाळी मी फिरायला जुन्या रेल्वे स्टेशनकडे जायचो. पाचोरा-जामनेर नॅरोगेज, आमच्याकडची 'पीजे', साधारण ५६ किलोमीटरची. शेंदुर्णी, पहूर करत ती छोटी गाडी जामनेरला यायची. २०२० च्या टाळेबंदीत ती बंद झाली आणि परत सुरू झाली नाही. आता तिथे ब्रॉडगेज करायचं आहे. हाही एक प्रकल्पच. पण त्याची स्थिती कळायला जामनेरच्या माणसाला रंगीत तक्ता लागत नाही. स्टेशनवर जायचं, गाडी आहे की नाही ते बघायचं.

सॉफ्टवेअरचं तसं नाही. ते अर्धं झालंय की पाऊण, भिंत सरळ आहे की कलली आहे, हे बाहेरच्या माणसाला दिसत नाही. त्याच्याकडे फक्त आमचा शब्द असतो. काम जितकं न दिसणारं, तितका शब्दावरचा भार जास्त. म्हणून आमच्या धंद्यात खोटा रंग भरणं ही कागदपत्रातली चूक ठरत नाही. कलती भिंत प्लास्टरखाली लपवण्याइतकं ते गंभीर आहे.

हे मोठ्या प्रमाणावर घडलं की काय होतं, ते जगाने पाहिलं आहे. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत कोसळलं आणि सात जणांचा जीव गेला. आदल्या रात्री रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी एवढ्या थंडीत रबरी कड्या काम करणार नाहीत, असं सांगून उड्डाणाला विरोध केला होता. शेवटी त्यांच्याच व्यवस्थापनाने होकार कळवला. बरोबर उत्तर त्या रात्री खोलीत हजर होतं.

जवळचं उदाहरण सांगायचं तर २०१२ चं. मी तेव्हा दहावीत होतो. जलसंपदा खात्यातले मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी सिंचन प्रकल्पांचा वाढता खर्च आणि कामाचा दर्जा याबद्दल सरकारला पत्र लिहिलं आणि ते राज्यभर गाजलं. खानदेशात पाण्याचा विषय घरचाच, त्यामुळे वडील पेपरातल्या बातम्या मोठ्याने वाचायचे. आकडे मला कळत नव्हते. एवढंच लक्षात राहिलं, की टपरीवर जे सगळेच बोलतात, ते एका माणसाने कागदावर लिहून खाली सही केली.

*

एका रात्री लाइट गेली. लॅपटॉप मिटला आणि गच्चीवर आलो. नाना तिथे खुर्ची टाकून बसले होते. ते तीस वर्षं एका जिनिंगमध्ये दिवाणजी होते. कापसाच्या गाड्या, काटा, पावत्या, यात त्यांचं आयुष्य गेलं. का कुणास ठाऊक, मी त्यांना सगळं सांगितलं. ती मुलगी, तो कॉल, अर्ज.

ते रागावले नाहीत. बराच वेळ गप्प बसले, मग कापसाचं बोलू लागले. सीसीआयच्या केंद्रावर ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव, पुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात, त्याहून ओला माल परत. तरी काही जण पहाटे गाडीवर पाणी मारून यायचे. "काटा काय करेल?" नाना म्हणाले. "पाण्यालाही वजन असतंच ना. काटा खोटं नाही बोलत रे, कापूस बोलतो."

मग त्यांनी विचारलं, "त्या पोरीला फोन केला का?"

मी म्हणालो, "परीक्षा झाली की करतो."

"बरं," म्हणाले आणि खाली झोपायला गेले. त्या 'बरं'मध्ये त्यांनी माझं वजन केलं होतं.

*

परीक्षा घरूनही देता येते. पण लाइटचा भरवसा नव्हता, म्हणून सप्टेंबरात पुण्याच्या केंद्रावर दिली. खिसे तपासले, घड्याळ काढून घेतलं, लॉकरची किल्ली दिली. २३० मिनिटांतली सात मिनिटं शिल्लक राहिली. कुठल्या तरी प्रश्नात एक टेस्टर होता, एक तारीख होती आणि एक अहवाल होता. प्रश्न काय होता ते सांगणार नाही, तसं लिहून दिलं आहे. उत्तर बरोबर आलं असावं. स्क्रीनवर पास दिसलं. तपशिलाच्या अहवालात तिन्ही विभागांत सगळ्यात वरची श्रेणी होती.

घरी फोन केला. आईने पेढे आणायला सांगितले. नानांनी विचारलं, "मंग आता साहेब झाला का?"

लिंक्डइनवर टाकलं. दोनशेच्या वर अभिनंदनं आली. त्यांत एक तिचं होतं: "अभिनंदन सर, तुम्ही डिझर्व्ह करता." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

त्या रात्री मी फोन केला. आठवडाभर मनात घोटलेली वाक्यं सगळी म्हटली. माझी चूक होती, मी बोलायला हवं होतं, मला माफ कर. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, हे तुम्ही मेलमध्ये लिहाल का?"

मी गप्प झालो. तेव्हा मला कळलं, की मी जे करत होतो तेही अर्धंच होतं. बंद खोलीत, फोनवर, एकाच माणसासमोर मागितलेली माफी मला हलकं करत होती. तिच्या रेटिंगला त्याचा काही उपयोग नव्हता. तिचं नुकसान बारा जणांच्या कॉलवर आणि कंपनीच्या नोंदीत झालं होतं. दुरुस्ती तिथेच व्हायला हवी होती. मला क्षमा हवी होती. तिला हवी होती नोंद.

"लिहितो," म्हणालो. लिहायला चार दिवस लागले.

पहिल्या मसुद्यात 'संवादात त्रुटी राहिली' असं होतं. ते खोडलं. दुसऱ्यात 'टीम म्हणून आपण' असं होतं. तेही खोडलं. शेवटी मेल सहा ओळींचा झाला: दोष तिने अमुक तारखेला तीन उदाहरणांसह मला दाखवला होता. तो किरकोळ म्हणून नोंदवायला मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तक्त्यात मी हिरवा रंग भरला. जानेवारीच्या कॉलवर मी हे सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. तिच्या मूल्यमापनात हे धरलं जावं. मॅनेजर आणि एचआरला पाठवला, तिला सीसीत ठेवलं.

मॅनेजरचं उत्तर एका शब्दाचं आलं: "नोटेड." एचआरने मीटिंग बोलावली. मूल्यमापन बंद झालेलं असल्याने रेटिंग बदलता येणार नाही, पण तिच्या फाइलला हा मेल जोडू, असं सांगितलं. मला त्या वर्षी बढती मिळाली नाही. मेलमुळे की कशामुळे, ते कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ती आता दुसऱ्या टीममध्ये आहे. तिने मेलला उत्तर दिलं नाही. द्यायलाच हवं होतं, असं मला वाटत नाही.

पीएमपीचं प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. ते टिकवायचं तर त्या काळात ६० पीडीयू, म्हणजे साधारण साठ तासांचं शिक्षण किंवा व्यावसायिक काम, दाखवावं लागतं. ते मी करेन. दुसरी परीक्षा मात्र दर आठवड्याला असते.

मेलनंतरच्या गुरुवारी आमच्या नव्या प्रकल्पात एक काम चार दिवस मागे होतं. तक्ता उघडला, त्या रांगेवर क्लिक केलं आणि पिवळा रंग भरला. कॉल चाळीस मिनिटं लांबला. क्लायंटने तेच ते प्रश्न तीनदा विचारले. माझे कान गरम झाले होते. पण कॅमेरा चालू होता.